पुसलेल्या उड्या

पी.टी.चे सर शाळेला वर्षातून दोनदा आठवतात, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. उरलेल्या दिवसांत त्यांचा तास ही गणिताच्या सरांची हक्काची जहागीर असते. "आजचा तास मला द्या हं, अपूर्णांक राहिलेत," असं जाता जाता सांगितलं की झालं. पनवेलच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्यातले किती तास अपूर्णांकांनी खाल्ले ते देव जाणे.

दिवाळी अंकासाठी मैदानावरचे गमतीदार किस्से लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की गमतीचे सगळे बाजूला पडतात आणि एकच पुढे येऊन उभा राहतो. त्यात गंमत फारशी नाही. तो एका सीडीचा आहे, आणि त्यात गाढवपणा सर्वस्वी माझा आहे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. त्याच्या तीन-चार वर्षं आधी मी स्वतःच्या पैशानं एक हँडीकॅम घेतला होता. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून बरीच चेष्टा झाली. लग्नाच्या ऑर्डरी घेणार का, हळदीला किती आणि वरातीला किती, असं रोज कोणी ना कोणी विचारायचं. मी हसून सोडून द्यायचो. त्या खोलीत माझी खुर्ची दाराजवळ होती आणि मी आत असण्यापेक्षा बाहेरच जास्त असायचो. मैदान लांबून भरलेलं दिसतं, पण तिथं शिकवणारा माणूस एकटाच असतो. मुलं तासाला बदलतात, आपण तिथंच उन्हात. त्या वर्षी घरीही मी एकटाच होतो. त्याविषयी पुढे सांगतो.

कॅमेरा कशाला हवा होता ते आधी सांगायला पाहिजे. आपलं शरीर आपल्याला आतून कळतं, बाहेरून कळत नाही. मुलाला शंभर वेळा सांगा, गोळा फेकताना तुझं कोपर खाली पडतं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याला आतून ते कोपर वरच असल्यासारखं वाटत असतं. ओवे गावचा एक दांडगा मुलगा माझ्याकडे गोळा फेकायचा. त्याची फेक मी टेप केली आणि प्रयोगशाळेतल्या टीव्हीला वायर जोडून त्याला दाखवली. त्यानं दोनदा नीट बघितली आणि ठाम आवाजात म्हणाला, "सर, हा मी नाय." अंगात त्याचाच शर्ट, हातात शाळेचाच गोळा. तरी दहा मिनिटं तो मानायला तयार नव्हता. मानलं त्या दिवसापासून कोपर वर गेलं ते कायमचं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगणार? शिपाईमामांना सांगितला.

हे कमलाकरमामा. गव्हाणहून रोज एसटीनं यायचे. शिपाई म्हणून लागले होते, पण त्यांचं मन मैदानात होतं. लांब उडीचा वाळूचा खड्डा त्यांच्या ताब्यात. प्रत्येक उडीनंतर दाताळं फिरवून वाळू सारखी करायची आणि पुढच्या उडीपर्यंत खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला दाताळ्यावर रेलून उभं राहायचं, हे त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेलं काम. बोलणं कमी. माझा कॅमेरा त्यांना फारसा पटला नव्हता, पण तसं ते कधी म्हणाले नाहीत.

लांब उडी टीव्हीवर सोपी दिसते. धावत यायचं आणि उडायचं. पण धावपट्टीच्या शेवटी जमिनीत वीतभर रुंदीची एक पांढरी लाकडी फळी पुरलेली असते, आणि सगळी भानगड त्या फळीची आहे. पाय फळीवर पडला पाहिजे. फळीच्या पुढे बोटभर जरी गेला तरी उडी बाद. मग ती कितीही लांब जावो, मोजत नाहीत. पुढे गेला का ते कळावं म्हणून फळीच्या पुढच्या कडेला स्पर्धेत मऊ पट्टी लावतात. आम्ही ओली माती थापायचो. मातीत बोटांचा ठसा उमटला की लाल झेंडा, नाही उमटला की पांढरा. माणसाला पंधरा-सोळा पावलं जोरात धावून सोळावं पाऊल नेमकं वीतभर जागेत टाकायचं असतं, आणि तेही खाली न बघता. खाली बघितलं की वेग मरतो.

हे डोळ्यांनी पकडता येत नाही. पाय फळीवर असतो तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातो. म्हणून मी फळीच्या बाजूला दोन विटा मांडायचो, त्यावर कॅमेरा ठेवायचो आणि चौकटीत फक्त फळी आणि पाय घ्यायचो. घोट्याच्या वरचं काही नाही. मुख्याध्यापिकाबाईंनीही आधीच बजावलं होतं की मुलींचे चेहरे टेपमध्ये नकोत, उद्या पालक येऊन विचारतील. मला तो हुकूम सोयीचाच पडला. चूक पायात होती, चेहऱ्याशी मला काय करायचं होतं?

टेप तासाभराची असायची आणि मी ती जपून वापरायचो. माझी एक पद्धत होती. उडी बरोबर आली, मातीवर ठसा नाही, तर टेप मागे घ्यायची आणि पुढची उडी तिच्यावर घ्यायची. उडी बाद झाली तर ती ठेवायची, आणि नंतर शोधायला सोपं जावं म्हणून लाल झेंडा कॅमेऱ्यासमोर धरायचा. अशानं आठवडाभरात एका टेपवर एका मुलाच्या फक्त चुका, एकामागून एक, ओळीनं लागायच्या. दाखवायला फार बरं. बरोबर उडीत शिकवण्यासारखं काही नसतं, असं माझं मत होतं. आता ते मत मी कोणाला सांगत नाही.

तसनीम नववीत होती. घर जुन्या पनवेलमध्ये, मूळचं कोकणातलंच. वडील दोहाला एसीच्या दुरुस्तीचं काम करायचे आणि दोन-दोन, अडीच-अडीच वर्षांनी महिनाभर यायचे. घरात आई, आजी आणि दोन लहान भाऊ. मुलगी किडकिडीत, लांब पायांची, बोलायला बेताची. डोक्याला रुमाल घट्ट बांधून, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅकपँट घालून यायची आणि अनवाणी उड्या मारायची. बूट घातले की जमीन लागत नाही, म्हणायची. तिच्यासारखी उडी माझ्या एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणी मारली नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. फक्त दहातल्या सहा उड्या बाद. शेवटच्या तीन पावलांत ती पाय लांब टाकायची आणि बोटं फळीच्या पुढे जायची.

आमचं ते वर्षभर चाललं. सकाळी शाळेआधी उड्या, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत टीव्ही. पॉजचं बटण दाबायचं, पाय फळीवर थांबवायचा, आणि पुढे गेलेली बोटं दोघांनी मिळून मोजायची. जूनमध्ये चार बोटं पुढे जायची. गणपतीपर्यंत दोन झाली. दिवाळीनंतर एकच बोट, तेही अर्धं. मला ती टेप बघताना एखादी कादंबरी वाचल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी घरी जेवण मांडून घ्यायचो आणि टीव्हीवर ती लावायचो. समोर दुसरं कोणी बोलायला नव्हतं, त्यामुळे टेपशीच बोलायचो. "हां, आता बघ, टाच कशी पडली," असं.

जिल्ह्यात ती पहिली आली, विभागात दुसरी. तीन उड्या मिळतात, त्यातली प्रत्येक ठिकाणी एकच लागली, पण ती एक पुरेशी होती. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा औरंगाबादला, चार दिवस मुक्काम. सोबत एक शिक्षिका आणि मी. मी निवडपत्र घेऊन तिच्या घरी गेलो. आईनं खुर्ची दिली, शेवया दिल्या, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "सर, एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे मी एकटी कशी ठरवू? ह्यांना विचारावं लागेल."

त्यांना विचारलं. वडिलांचा निरोप आला की मुलगी काय करते ते मी कधी बघितलेलंच नाही. सरांकडे रेकॉर्डिंग असतं असं ऐकलंय. माझा चुलतभाऊ रविवारी दोहाला परत येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. बघतो आणि सांगतो.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. एवढी वर्षं माझ्या टेपा बघायला कोणी मागितल्या नव्हत्या. एसटी स्टँडसमोर लग्नाच्या कॅसेटी करणारं एक दुकान होतं, तिथं जाऊन मी टेपची सीडी करून घेतली. दुकानदारानं सगळं बघितलं आणि विचारलं, "सर, पायच आहेत ओ सगळीकडे. मागे गाणं टाकू का?" मी त्याला झापला. हे शास्त्रीय काम आहे म्हणालो. जून ते जानेवारी, वेचून घेतलेल्या त्रेचाळीस उड्या, चार बोटांपासून अर्ध्या बोटापर्यंत. याच्याहून स्पष्ट पुरावा बापाला आणखी काय द्यायचा, असंच मला वाटत होतं. सीडीच्या पाकिटावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कु. तसनीमची प्रगती."

शुक्रवारी दुपारी मैदानावर असताना माझा मोबाइल वाजला. दोहाचा फोन. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. मी उभ्या उभ्या घेतला. समोर तसनीम धावपट्टीच्या त्या टोकाला पावलं मोजत होती आणि मामा खड्ड्यात दाताळं फिरवत होते.

तिच्या वडिलांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फार अदबीनं बोलले. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले की सीडी पोचली, शुक्रिया. खोलीत ते पाच जण राहतात. महाड, श्रीवर्धन, म्हसळा अशा आपल्याच बाजूची माणसं. मुलगी राज्याला निघालीय म्हणून त्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं होतं, चहा केला होता, आणि मग सीडी लावली होती.

मग हळूच म्हणाले, "सर, यात माझी मुलगी कुठंय?"

मी म्हणालो, हे पाय तिचेच आहेत. ते म्हणाले, तसं वाटलं. पण डावा घोटा बघून खात्री झाली. ती सात वर्षांची असताना चुलीवरचं पाणी पायावर सांडलं होतं. तेव्हा ते तिथंच होते, दोहात. भाजल्याचं फोनवर कळलं होतं, नंतर बरं झाल्याचंही कळलं. डाग एवढा मोठा राहिलाय हे त्यांनी आत्ता या सीडीत नीट बघितलं. मग त्यांनी विचारलं की तो लाल झेंडा काय आहे, तो दर वेळी का येतो.

"ती उडी बाद झाल्याची खूण," मी म्हणालो.

"म्हणजे या सगळ्या बाद?"

"हो, पण..."

"एक तरी बरोबर असेल ना, सर? ती लावायची होती."

बरोबर उड्या शेकडो होत्या. मी त्या पुसल्या होत्या. ते मी त्यांना सरळ तसंच सांगितलं. मी घाईघाईनं चार बोटं, दोन बोटं, अर्धं बोट समजावायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, तुम्हाला ते दिसतं," ते म्हणाले. "आम्हा पाच जणांना त्रेचाळीस वेळा लाल झेंडा दिसला. माझी मुलगी चुकतेय, आणि तिला हजार माणसांसमोर चुकायला पाठवायचं? नको. राहू दे तिला घरी. तुमची मेहनत आहे, मला कबूल आहे. पण राहू दे."

रागावले असते तर मी भांडलो असतो. ते रागावले नव्हते. मुलीची लाज राखायला बघत होते, आणि ती लाज माझ्या सीडीनं काढली होती. औरंगाबादची गाडी सोमवारची होती. नवं काही रेकॉर्ड करून दोहाला पोचवायला कुठलाच मार्ग नव्हता. त्या वेळी आजच्यासारखं खिशातल्या फोननं काढलं आणि जागेवरून पाठवलं असं नव्हतं.

मी म्हणालो, फोन ठेवू नका, मी तुम्हाला तिची उडी सांगतो. समोरून ती धावत येत होती. मी सांगायला लागलो. आता पाचवं पाऊल, आता दहावं, वेग वाढलाय, खांदे सैल आहेत, टाच, चवडा, उडाली. फळी साफ आहे, ठसा नाही. भाईसाहेब, बरोबर उडी. मला दम लागला होता, जसं काही मीच धावलो होतो.

ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तोंड कसं असतं तिचं? उडताना? खूश असते का?"

वर्षभर रोज सकाळी मी त्या मुलीच्या शेजारी गुडघ्यावर बसलो होतो. तिच्या टाचेची भेग कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत होतं. पण ती फळीवरून उठते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मान वर केलीच नव्हती.

समोर खड्ड्याच्या टोकाला मामा उभे होते. धावपट्टीकडे तोंड करून, नेहमीसारखे. मी धावत जाऊन फोन त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, तसनीमचे वडील आहेत, उडी मारताना पोरीचं तोंड कसं असतं ते विचारतायत. मामांनी हात पँटला पुसले, फोन कानाला लावला, आणि जन्मात बोलले नसतील इतकं एका दमात बोलले.

"मी कमलाकर. मी खड्ड्याव असतो. तुमची पोर ना, धावत येते तवा व्हट दाबून येते, रागान असल्यासारकी. फलीव आली का डोले मोटे करते. आन वर गेली का हासते. आवाज नाय करत, पन हासते. रोजच हासते. आमाला म्हाईत हाय, आमी समोरच असतो. मंग खाली परली का सरांकरं बगते न् त्या हासू जातं. त्या वरचं तेवरं हाय ना, त्या कुनाला दिसत नाय."

पलीकडून काही बोलणं झालं असावं. मामा दोनदा "हाव, हाव" म्हणाले आणि मग फोन कानापासून दूर धरून म्हणाले की बंद झाला. त्यांच्या फोनकार्डातली मिनिटं संपली असावीत. मामांनी फोन मला दिला आणि वाळू सारखी करायला लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, ते बरं झालं.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि सगळ्या टेपा एकेक करून लावल्या. मला एक गोष्ट शोधायची होती, आणि ती नाही हे मला ठाऊक होतं. शैला, माझी पत्नी, त्याच्या दोन वर्षं आधी आजारानं गेली. कॅमेरा नवा होता तेव्हा एका रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो होतो आणि तिच्या आग्रहावरून मी तिला दहा मिनिटं टेप केलं होतं. काकडी खात होती, बंद करा आता म्हणत होती आणि बंद केला असता तर रागावली असती. पुढच्या आठवड्यात अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव होता आणि कोरी टेप हाताशी नव्हती. मी त्यावरच रेकॉर्ड केलं. शैला घरातच होती, पुन्हा कधीही काढता येईल असं वाटलं. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्यात काही चुकलं असतं तर ठेवली असतीत." तेव्हा मी हसलो होतो. त्या शुक्रवारी शेवटची टेप संपेपर्यंत मला पायच दिसले, ओळखीच्या मुलांचे. जेवण तसंच राहिलं. मला त्या संध्याकाळी जितकं एकटं वाटलं तितकं ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात माणसं होती.

शनिवारी शाळा सुटायच्या आधी तसनीमची आई आली. फाटकाशीच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. "ह्यांचा परत फोन आला होता," म्हणाली. "ते म्हणाले, हसत असेल तर जाऊ दे." मग पदरानं तोंड पुसून तिनं मला विचारलं की ते खड्ड्यावरचे मामा कोण. मी दाखवले. ती त्यांच्यापर्यंत गेली नाही. लांबूनच त्यांच्याकडे बघून तिनं हात कपाळाला नेला, आणि मामांनी दाताळं खाली ठेवून नमस्कार केला.

सोमवारी आम्ही औरंगाबादला निघालो. कॅमेरा मी घरी ठेवला.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात ते राहायला नको. तिला पदक मिळालं नाही. ती सातवी आली. राज्यातली सातवी म्हणजे काही कमी नव्हे, पण आमच्या शाळेच्या फळ्यावर सातव्याचं नाव लिहीत नाहीत. दहावीनंतर ती कॉलेजला गेली, उडी सुटली, पुढे लग्न होऊन ती वडिलांसारखीच समुद्रापलीकडे गेल्याचं कानावर आलं. मामा माझ्या आधी निवृत्त झाले. मला निरोप दिला तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन होता आणि मुलं उडी मारायच्या आधीच स्वतःला बघत होती. माझी कॅसेट लागेल असं यंत्र आता पनवेलमध्ये मिळत नाही.

पण औरंगाबादची ती पहिली उडी. प्रशिक्षकांनी फळीच्या बाजूला दोरीमागे उभं राहायचं असतं. सगळे तिथंच होते. मी तिथून निघालो, मैदानाला वळसा घातला आणि खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला, पाणी वाटणाऱ्या पोरांच्या मागे जाऊन उभा राहिलो. तसनीम धावपट्टीच्या सुरुवातीला उभी राहून मला फळीजवळ शोधत होती. मी तिथं नाही म्हटल्यावर थोडी गोंधळली. मग धावली.

ओठ दाबलेले होते. मामा म्हणाले तसं, रागानं असल्यासारखे. ती जवळ येत गेली आणि मी खाली बघायचं नाही असं स्वतःला बजावत होतो. जन्माची सवय होती, मान आपोआप खाली जात होती, ती मी वर धरून ठेवली. फळीवर तिचे डोळे मोठे झाले. मग ती वर होती, आणि हसत होती. कोणासाठी नाही, कोणाकडे बघून नाही. तेवढ्यापुरती ती सगळ्यांना विसरली होती, मलासुद्धा. मला हेवा वाटला आणि मला रडूही आलं. दोन्ही एकदम.

ती वाळूत पडली. अधिकाऱ्यानं पांढरा झेंडा वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं झेंडा बघितला, टाळ्या ऐकल्या, उठली, ट्रॅकपँटवरची वाळू झटकली आणि मला शोधत सरळ माझ्याकडे आली.

"सर, काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "काहीच नाही चुकलं."

तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं, आणि तिथून मी उभा होतो ते अंतर डोळ्यांनी मोजलं.

"मग तुम्ही बघितलंच नसेल, सर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या उडीसाठी परत गेली.